विंडोज १०चा सपोर्ट संपला, संगणक मात्र धडधाकट आहे: आता काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी सगळे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले, आणि फसगत इथूनच सुरू होते. काही बिघडलं नाही म्हणजे काही बदललं नाही, असं वाटतं.

बदल होतो तो दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट सापडलेल्या त्रुटींवरचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, सोडते. विंडोज १० आणि ११ यांच्या पोटातला बराचसा कोड सारखाच आहे. ११साठी पॅच आला की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बुजवलं ते शोधतात. तेच भोक १०मध्ये उघडं राहतं, आणि त्याचा पत्ता आता जाहीर झालेला असतो. त्यामुळे सपोर्ट संपलेली सिस्टिम एका रात्रीत धोकादायक होत नाही, ती महिन्यामहिन्याने होत जाते.

‘अँटिव्हायरस आहे की’ हे उत्तर इथे पुरत नाही. अँटिव्हायरस आलेली फाइल तपासतो, भिंतीतली फट बुजवत नाही. १२ मे २०१७ला पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरला (फाइलना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम) कुणी काही उघडण्याची गरजच नव्हती. तो नेटवर्कवरून थेट शिरत होता. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला होता त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही.

खालच्या पायऱ्या मुख्यतः विंडोज १०साठी आहेत. ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांसाठी जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं लिहिलं आहे. क्रम शक्यतो मोडू नका. विशेषतः बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर.

१. नेमकं कोणतं विंडोज आहे ते बघा

सेटिंग्ज → सिस्टिम → अबाऊट इथे खाली ‘एडिशन’ आणि ‘व्हर्जन’ या दोन ओळी दिसतील. दोन्ही कागदावर लिहून घ्या. विंडोज १० असेल तर व्हर्जन ‘२२एच२’ हवं. ते शेवटचं. त्याआधीचं असेल तर विंडोज अपडेटमधून आधी २२एच२वर या.

सपोर्ट कधी संपला:

- एक्सपी: ८ एप्रिल २०१४
- विंडोज ७: १४ जानेवारी २०२०
- विंडोज ८.१: १० जानेवारी २०२३
- विंडोज १० (होम, प्रो आणि इतर नेहमीच्या एडिशन): १४ ऑक्टोबर २०२५

एलटीएससी नावाच्या, संस्थांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या एडिशन याला अपवाद आहेत. एंटरप्राइज एलटीएससी २०२१ला १२ जानेवारी २०२७पर्यंत आणि आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ला १३ जानेवारी २०३२पर्यंत अपडेट मिळतात. हे वाचून लगेच ‘एलटीएससी डाउनलोड’ शोधायला धावू नका. हे परवाने घरगुती वापरासाठी सुटे विकले जात नाहीत, आणि अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या आयएसओमध्ये (सिस्टिम बसवण्याच्या फाइलमध्ये) आणखी काय घातलंय ते तुम्हाला कळणार नाही. सुरक्षिततेसाठी चोरवाटेने आणलेली सिस्टिम बसवणं म्हणजे कुलूप चोराकडूनच बसवून घेणं.

२. या संगणकाचं काम काय, ते ठरवा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि सगळे उपाय अर्धे अर्धे करून बसतात. संगणक खालीलपैकी कुठल्या गटात बसतो ते ठरवा.

पहिला गट: रोजचा संगणक. बँक, मेल, कर भरणं, फोटो, सगळं यावरच. इथे पॅचशिवाय राहणं हा पर्यायच नाही. विंडोज ११, वाढीव सुरक्षा अपडेट किंवा लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) यातलं एक करावंच लागेल.

दुसरा गट: एखाद्या जुन्या उपकरणासाठी किंवा सॉफ्टवेअरसाठी ठेवलेला संगणक. नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर नसलेला स्कॅनर, कापणी-कोरणीचं यंत्र, फक्त ७वर चालणारा हिशेबाचा प्रोग्राम. याला इंटरनेटची गरज नसते, असते ती सवय. याला नेटवर्कपासून तोडा. थेट ७व्या पायरीवर जा, पण बॅकअप घेऊनच.

तिसरा गट: लिहिणं, वाचणं, व्हिडिओ बघणं एवढ्यासाठी. यावर लिनक्स सगळ्यात कमी कटकटीचं.

कोणत्याही गटात एक नियम पक्का ठेवा: पॅच न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचं किंवा मुख्य मेलचं लॉगइन करायचं नाही. मुख्य मेल हाती लागली की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

३. हाताशी काय काय हवं

- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड
- संगणकाच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड
- राउटरचं लॉगइन (बहुतेकदा राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलवर असतं)
- एक एक्स्टर्नल डिस्क, संगणकात भरलेल्या डेटापेक्षा मोठी
- ८ जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा पेनड्राइव्ह
- विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, आणि जुन्या प्रिंटर-स्कॅनरच्या ड्रायव्हरच्या फाइल
- बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. अनेक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की पुढच्या वेळी संगणक ती की मागू शकतो, आणि ती नसेल तर डेटा गेला. सेटिंग्ज → अपडेट अँड सिक्युरिटी → डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे ते चालू आहे का बघा. प्रो एडिशनमध्ये कंट्रोल पॅनेलमधलं बिटलॉकरचं पान उघडा. चालू असेल तर की कागदावर उतरवा. त्याच संगणकात ठेवलेली की म्हणजे घरातच राहिलेली घराची किल्ली.

४. बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा

सेटिंग्ज → अपडेट अँड सिक्युरिटी → बॅकअप → ॲड अ ड्राइव्ह. ही फाइल हिस्टरी. ती सुरुवातीला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे नेहमीचेच फोल्डर घेते. डी ड्राइव्हवर ठेवलेले फोल्डर ती आपणहून घेत नाही. ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘ॲड अ फोल्डर’ने ते एकेक जोडा. नेमका डी ड्राइव्हच राहून गेला, हे फार जणांच्या बाबतीत घडतं.

संपूर्ण संगणकाची प्रत हवी असेल तर कंट्रोल पॅनेलमधलं ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ उघडा. नाव जुनं असलं तरी ते १०मध्येही चालतं. डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ आहे. दुसऱ्या गटातल्या संगणकासाठी ही इमेज हवीच. तिथे प्रोग्राम पुन्हा बसवण्याची सीडी किंवा की अनेकदा हरवलेली असते.

मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइल उघडून बघा. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं. आणि काम झाल्यावर डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकासोबतच कुलूपबंद करतं. वनड्राइव्हसारखं सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे: इथे बिघडलेली फाइल तिथेही बिघडलेलीच पोचते. जुनी प्रत काही दिवस परत मिळवता येते, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

५. विंडोज ११ खरंच चालत नाही का, ते एकदा तपासा

‘हा पीसी पात्र नाही’ हा निरोप अनेकदा खरा असतो, पण कधीकधी तो फक्त एका बंद असलेल्या बटणामुळे येतो. विंडोज ११ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त अस्सल सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. साधारणपणे इंटेलची ८वी पिढी किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचे. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं की नेमकं काय अडतंय ते कळतं.

प्रोसेसर चालतोय आणि फक्त टीपीएम अडतंय, असं असेल तर बायोस उघडा. इंटेलच्या बोर्डवर तो ‘पीटीटी’ या नावाने असतो, एएमडीवर ‘एफटीपीएम’. अनेक बोर्डवर तो कारखान्यातूनच बंद येतो. चालू करा, काम झालं.

सिक्युअर बूट मात्र जपून. जुन्या संगणकावर विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या, पद्धतीने बसवलेलं असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या प्रकारची असते. तशीच ठेवून बायोसमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत निवडली तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी डिस्क जीपीटी या नव्या प्रकारात बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन आहे. गडबडीत उलट क्रम झालाच तर घाबरू नका, बायोसमध्ये पुन्हा लेगसी करा. डेटा जागेवरच असतो.

अट चुकवून ११ बसवण्याच्या युक्त्या सगळीकडे फिरतात. त्या चालतात, पण अशा संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती बहुधा हाताने बसवावी लागते. ११च्या २४एच२ आवृत्तीपासून तर एसएसई ४.२ हा सूचनासंच नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूही होत नाही. दर वर्षी ती खटपट करायची तयारी असेल त्यांनीच त्या वाटेला जावं. दुसऱ्याच्या संगणकावर तर अजिबात करून देऊ नका.

६. विंडोज १०: वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी

याचं नाव ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’, थोडक्यात ईएसयू. घरगुती वापरकर्त्यांसाठी मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. तोपर्यंत कधीही नोंदणी करता येते आणि मधल्या महिन्यांचे पॅचही मिळतात. उशीर झाला तरी हरकत नाही, पण नोंदणी होईपर्यंतचे दिवस उघड्यावरच गेलेले असतात.

क. ॲडमिन खात्याने लॉगइन करा. बाकी असलेले सगळे अपडेट टाका आणि संगणक रीस्टार्ट करा. ऑगस्ट २०२५चा केबी ५०६३७०९ किंवा त्यानंतरचा अपडेट आलेला असायला हवा. त्याआधी नोंदणीची खिडकी उघडून लगेच बंद पडायची.

ख. सेटिंग्ज → अपडेट अँड सिक्युरिटी → विंडोज अपडेट. तिथे ‘एनरोल नाऊ’ ही लिंक दिसेल.

ग. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा. मग तीन पर्याय येतात: संगणकाच्या सेटिंग्जचा क्लाउडवर बॅकअप घेऊन मोफत, १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट देऊन, किंवा एकरकमी शुल्क भरून. युरोपीय आर्थिक क्षेत्रात मोफत नोंदणीसाठी बॅकअपची अट नाही. कुठलाही पर्याय घेतला तरी अपडेट तेच.

घ. नोंदणी झाली की त्याच पानावर तसं लिहून येतं. एवढ्यावर थांबू नका. पुढचा दुसरा मंगळवार गेला की ‘व्ह्यू अपडेट हिस्टरी’ उघडून त्या महिन्याचा अपडेट खरंच बसलाय का ते बघा.

मोफत पर्यायात एक खोच आहे. बॅकअप चालू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डरही वनड्राइव्हवर पाठवायचा प्रस्ताव येतो. मोफत जागा फक्त ५ जीबी. फोटोंनी ती दोन तासांत भरते आणि मग जागा विकत घ्या म्हणून तगादा सुरू होतो. नोंदणीला सेटिंग्जचं सिंक पुरतं, फोल्डर बंद ठेवा.

लिंक दिसत नसेल तर बहुधा यापैकी एक कारण असतं: आवृत्ती २२एच२ नाही, खातं ॲडमिनचं नाही, खातं मुलांसाठी केलेलं आहे, रीस्टार्ट बाकी आहे, किंवा संगणक कार्यालयाच्या डोमेनला जोडलेला आहे. शेवटच्या प्रकारात घरगुती योजना लागूच होत नाही. संस्थांसाठी वेगळा परवाना आहे. तो जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतो, आणि त्याचं शुल्क दर वर्षी दुप्पट होतं. तो निर्णय आयटी विभागाचा.

घरात दोन-तीन जुने संगणक असतील तर एकच नोंदणी त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यावरच्या १० संगणकांपर्यंत चालते. प्रत्येकावर नोंदणीच्या पायऱ्या मात्र कराव्या लागतात.

एक गैरसमज: विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसची व्हायरस-यादी विंडोज १०वर ऑक्टोबर २०२८पर्यंत येत राहणार आहे, एज ब्राउझरचे अपडेटही किमान तोपर्यंत. त्यामुळे ‘अपडेट येतायत की’ असं वाटत राहतं. ते खुद्द विंडोजचे पॅच नव्हेत.

७. दारं बंद करा

ईएसयू असलं तरी हे करून ठेवा. ७, ८.१ किंवा ईएसयूविना १० असेल तर हाच तुमचा मुख्य बचाव.

*रिमोट डेस्कटॉप बंद.* दुसऱ्या संगणकावरून हा संगणक चालवण्याची ही सोय. सेटिंग्ज → सिस्टिम → रिमोट डेस्कटॉप. होम एडिशनमध्ये बाहेरून येऊ देण्याची सोयच नसते, प्रोमध्ये असते. मे २०१९मधली ब्लूकीप ही त्रुटी याच सेवेत होती आणि विंडोज ७ तिच्या तावडीत होतं. कंट्रोल पॅनेल → सिस्टिम अँड सिक्युरिटी → ‘अलाउ रिमोट ॲक्सेस’ इथून रिमोट असिस्टन्सचीही खूण काढा.

*एसएमबी १ काढा.* नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची ही जुनी पद्धत. वॉनाक्राय याच वाटेने आला. कंट्रोल पॅनेल → प्रोग्राम्स → टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ, आणि ‘एसएमबी १.०/सीआयएफएस’ या ओळीपुढची खूण काढा. १०च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ते मुळातच नसतं, पण जुन्या नेटवर्क डिस्कसाठी किंवा झेरॉक्स मशीनच्या स्कॅनसाठी कुणीतरी ते पुन्हा चालू करून दिलेलं असतं. विंडोज ७च्या यादीत ही ओळ नाही. तिथे नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ची खूण काढा. मग त्या संगणकावरचे फोल्डर इतरांना दिसणार नाहीत, आणि हवं तेच आहे.

*नेटवर्क ‘पब्लिक’ करा.* घरचं वाय-फाय असलं तरी. सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → प्रॉपर्टीज. त्यानंतर विंडोज सिक्युरिटी → फायरवॉल → पब्लिक नेटवर्क इथे ‘ब्लॉक ऑल इनकमिंग कनेक्शन्स’ला खूण करा. ब्राउझिंग, मेल, व्हिडिओ यांत काही फरक पडत नाही. संगणकाने स्वतः मागितलेलं येतं, न मागता येणारं अडतं.

*प्रिंटर नसेल तर प्रिंट स्पूलर बंद.* सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) शोधा, थांबवा, स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’ करा. २०२१च्या प्रिंटनाइटमेअर या त्रुटीचं मूळ इथेच होतं. पीडीएफमध्ये प्रिंट करणंही यामुळे बंद पडतं, तेवढं लक्षात ठेवा.

*राउटर.* यूपीएनपी (प्रोग्रामना राउटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आत सोडलेल्या वाटांची, यादी उघडून ओळखीचं नसेल ते काढा, ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. जुन्या संगणकाला गेस्ट नेटवर्कवर टाका, म्हणजे तो बाधला तरी घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत पोचत नाही. काही राउटरमध्ये गेस्टला आतलं नेटवर्क बघू देण्याचा पर्याय चालू असतो, तो बंद आहे ना ते बघा. मुख्य नेटवर्कवरचा प्रिंटर मग या संगणकाला सापडणार नाही. त्याला यूएसबी केबल लावा.

दुसऱ्या गटातल्या संगणकासाठी याहून सोपं आणि याहून पक्कं: केबल काढा, वाय-फाय ‘फर्गेट’ करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय ॲडॉप्टर डिसेबल करा. फाइलची ने-आण पेनड्राइव्हने. तो प्रत्येक वेळी आधी अपडेट असलेल्या संगणकावर स्कॅन करून मगच इकडे लावायचा. ऑटोप्ले (पेनड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं) बंद करा, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. २०१०मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पेनड्राइव्हमधलं आयकॉन नुसतं दिसलं तरी चालू होत असे.

तोडण्याआधी एक काम: विंडोज ७वर २०२०पर्यंतचे सगळे पॅच आहेत का ते बघा. नव्याने बसवलेल्या ७ला केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट आधी हाताने टाकावे लागतात. त्यांच्याशिवाय नंतरचे अपडेट त्याला ओळखताच येत नाहीत, आणि नुसतंच ‘एरर’ येत राहतं.

८. रोजचं खातं ॲडमिनचं नको

घरगुती संगणकांवर बहुतेक जण पहिल्यापासून ॲडमिन म्हणूनच वावरतात. त्या खात्यात शिरलेला प्रोग्राम मग संगणकाचा मालक होतो.

क्रम महत्त्वाचा. आधी *नवं* खातं बनवा: सेटिंग्ज → अकाउंट्स → फॅमिली अँड अदर यूजर्स → ॲड समवन एल्स. त्याला ‘चेंज अकाउंट टाइप’मधून ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या, त्याने एकदा लॉगइन करून बघा. मगच तिथून तुमचं रोजचं खातं ‘स्टँडर्ड यूजर’ करा. सगळ्या फाइल जिथल्या तिथे राहतात. पुढे काही बसवायचं असेल तेव्हा नव्या खात्याचा पासवर्ड विचारला जाईल. न मागता ती खिडकी आली, तर ‘नो’.

९. प्रोग्राम: काय ठेवायचं, काय काढायचं

ब्राउझर सगळ्यात आधी. विंडोज १०वर क्रोम, एज, फायरफॉक्स अपडेट असतील तर ठीक. विंडोज ७ आणि ८.१वर क्रोम १०९वर थांबलं. फायरफॉक्सची ईएसआर ११५ ही तिथली शेवटची मालिका. म्हणून त्या दोन सिस्टिमवर ब्राउझिंग जवळजवळ बंदच ठेवा. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका (नव्या क्रोममध्ये ते चालत नाही, तिथे यूब्लॉक ओरिजिन लाइट). घातक जाहिराती हा शिरकावाचा नेहमीचा मार्ग आहे.

ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही सपोर्ट त्याच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ही बातमी विंडोजच्या गोंगाटात बुडाली. ईएसयू घेतलं तरी ऑफिसला पॅच मिळत नाहीत. लिब्रेऑफिस मोफत आहे आणि साध्या कामाला पुरतं. जुनं ऑफिस ठेवायचंच असेल तर ट्रस्ट सेंटरमध्ये मॅक्रो (फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम) पूर्ण बंद करा आणि मेलवरून आलेल्या फाइल त्यात उघडू नका.

विनरार या झिप-फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामकडे कुणाचंच लक्ष नसतं. ते आपोआप अपडेट होत नाही, आणि वर्षानुवर्षांपूर्वी टाकलेली आवृत्ती तशीच पडून असते. ७.१३च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटी आहेत. नवं टाका किंवा काढून टाका. सेव्हन-झिपचीही तीच गत, २५.०१च्या आधीचं ठेवू नका.

फ्लॅश, क्विकटाइम, लागत नसलेलं जावा, जुने टूलबार, संगणकासोबत आलेले ‘ट्रायल’ प्रोग्राम: सगळे काढा.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू करा. त्यानंतर एखादा प्रोग्राम ‘फाइल सेव्ह होत नाही’ म्हणेल. तो ओळखीचा असेल तर ‘अलाउ ॲन ॲप’मध्ये जोडा. कंटाळून सगळंच बंद करू नका.

१०. सापळे

‘तुमचं विंडोज कालबाह्य झालं आहे, या नंबरवर फोन करा’ अशी खिडकी ब्राउझरमध्ये आली तर ती शंभर टक्के फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर-संदेशात फोन नंबर नसतो. टॅब बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा.

पैसे न भरता ईएसयू ‘चालू’ करून देणारी स्क्रिप्ट ॲडमिनच्या अधिकाराने चालते. वर दिलेला मोफत मार्ग असताना अनोळखी माणसाला सगळ्या किल्ल्या का द्यायच्या? ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’, कुणीतरी बांधलेले ‘अपडेट पॅक’ याच माळेतले.

दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नका. ते एकमेकांच्या फाइल पकडत बसतात.

झीरोपॅच ही सेवा मात्र खरी आहे. ती चालू प्रोग्रामच्या मेमरीत छोटे पॅच लावते, आणि विंडोज १०ला किमान पाच वर्षं साथ देण्याचं तिने जाहीर केलं आहे. सपोर्ट संपल्यानंतरचे पॅच सशुल्क आहेत. २०२६नंतरही १०वरच राहायचं असेल त्यांनी ती विचारात घ्यावी.

आणि एक अगदी साधा सापळा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते, आणि प्रत्येक वेबसाइट ‘सर्टिफिकेट चुकीचं आहे’ म्हणू लागते. लोक वैतागून ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लावून घेतात. सेल बदला, तारीख लावा, इशारे थांबतील. मग आलेला इशारा खरा मानायचा.

११. लिनक्स टाकायचं असेल तर

नवख्यांसाठी लिनक्स मिंट. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, पण ४ जीबी रॅम असेल तरच ते आरामात चालतं. ताकद कमी असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत.

आयएसओ फाइल अधिकृत साइटवरूनच उतरवा. रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. त्यावरून संगणक सुरू केला की मिंट डिस्कला हात न लावता चालतं. घाई न करता तसंच चालवून बघा: वाय-फाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर, आणि झाकण मिटून उघडल्यावर संगणक जागा होतो का. सगळं जमलं तरच ‘इन्स्टॉल’. विंडोजशेजारी बसवायचं असेल तर आधी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोजची ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही.

फक्त ब्राउझरच लागतो अशांना क्रोमओएस फ्लेक्सही चालेल. ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा पुरते.

१२. महिन्यातून एकदा, अर्धा तास

दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवार-रविवारी: अपडेट हिस्टरी बघा, ब्राउझर आणि विनरारच्या आवृत्त्या बघा, बॅकअपची डिस्क लावून प्रत घ्या, डिस्क काढा. अपडेट ‘पॉज’ केलेले किंवा कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरणारं) ठेवलेलं असेल तर नोंदणी असूनही अपडेट अडून राहतात, तेही बघा.

२०११मध्ये दिलेली सिक्युअर बूटची सर्टिफिकेट जून २०२६पासून संपायला लागतात. नवी विंडोज अपडेटमधूनच येतात. काही जुन्या बोर्डना त्यासाठी बायोसचा अपडेटही लागतो. तो टाकताना बिटलॉकर आधी ‘सस्पेंड’ करा, लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा आणि मध्येच बंद करू नका.

कॅलेंडरमध्ये १ सप्टेंबर २०२६ला खूण करा: ‘२री पायरी पुन्हा’. ईएसयू संपायच्या आधी सहा आठवडे हाताशी राहतील. संगणक द्यायचा किंवा विकायचा ठरला तर रीसेट करताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’सोबत ‘क्लीन डेटा’ही निवडा. नुसत्या क्विक फॉरमॅटनंतर फाइल अनेकदा परत काढता येतात.